टॅक्स बिलावरची सीपीएची ती एक ओळ: पैसे कुठून येतात, कोण वाटतं आणि कशावर अडतात

मॅसॅच्युसेट्समधे घर घेतलं आणि पहिलं प्रॉपर्टी टॅक्सचं बिल आलं तेव्हा मुख्य रकमेच्या खाली एक बारीक ओळ होती, सीपीए, आणि पुढे थोडे डॉलर. नवरा म्हणाला आपण तर कुठला अकाउंटंट (इथे त्यांना पण सीपीए म्हणतात) लावलेला नाही, मग हा सीपीए कोण? रक्कम इतकी किरकोळ होती की चौकशी करायच्या भानगडीत कुणी पडलं नसतं, पण मला अशी ओळ दिसली की चैन पडत नाही, म्हणून शोधत गेले, मग टाऊनच्या कमिटीच्या मीटिंगांना मागच्या खुर्चीत जाऊन बसायला लागले, आणि आता ओळखीत कुणी घर घेतलं की दोन-तीन महिन्यांत मला हाच प्रश्न येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतेय.

सीपीए म्हणजे कम्युनिटी प्रिझर्वेशन ॲक्ट. राज्याचा कायदा आहे, सप्टेंबर २००० मधे तेव्हाचे गव्हर्नर पॉल सेलुची यांनी सही केली. पण राज्याचा कायदा असला तरी तो आपोआप कुणाला लागू होत नाही, प्रत्येक गावाने किंवा शहराने मतदान घेऊन तो स्वतःहून अंगावर घ्यायचा. राज्यात एकूण ३५१ टाऊन आणि शहरं आहेत, त्यातल्या निम्म्याहून जास्त ठिकाणी आज तो आहे. केंब्रिजने २००१ मधेच घेतला. बॉस्टनच्या मतदारांनी २००१ मधे चक्क नाही म्हटलं आणि मग २०१६ मधे हो म्हटलं. वूस्टरने तर २०२२ मधे घेतला. म्हणजे तुमच्या टाऊनमधे असेल आणि शेजारच्यात नसेल असं अगदी होऊ शकतं, आणि तिथल्या मित्राच्या बिलावर ती ओळ नसते म्हणून तुम्हाला कुणी फसवलं असं होत नाही.

आता पैशाचं गणित. यात हमखास एक गैरसमज होतो तो आधी काढून टाकू. हा सरचार्ज, म्हणजे बिलावरची ती जादा रक्कम, घराच्या किमतीवर नसतो, तुमच्या टॅक्सवर असतो, आणि जास्तीत जास्त ३ टक्के. टाऊन १ टक्का ठरवू शकतं, दीड ठरवू शकतं, तीनच्या वर नाही. समजा घराची असेस्ड व्हॅल्यू, म्हणजे टॅक्ससाठी धरलेली किंमत, ५ लाख डॉलर आहे आणि टाऊनचा रेट हजाराला १२ डॉलर आहे. मूळ टॅक्स झाला ६,००० डॉलर. त्याचे ३ टक्के म्हणजे १८०, असं वाटेल. पण बऱ्याच टाऊन्सनी घराच्या पहिल्या १ लाख डॉलर व्हॅल्यूला यातून सूट दिलेली असते, मग हिशोब ४ लाखांवरच्या टॅक्सचा होतो, म्हणजे ४,८०० डॉलरचा, आणि त्याचे ३ टक्के झाले १४४ डॉलर, ते पण वर्षाचे. १ टक्कावाल्या टाऊनमधे हेच ४८ डॉलर. कमी उत्पन्नवाल्या घरांना आणि कमी ते मध्यम उत्पन्नाच्या सीनियर लोकांना पूर्ण माफी देण्याची सोय पण कायद्यात आहे, पण ती टाऊनने स्वीकारलेली असावी लागते आणि अर्ज करावा लागतो, आपोआप कुणी आणून देत नाही. घरी आईबाबा राहत असतील आणि घर त्यांच्या नावावर असेल तर असेसरच्या ऑफिसात एकदा विचारून बघाच.

आणखी एक मुद्दा, जो लोकांना कळला की भुवया उंचावतात. मॅसॅच्युसेट्समधे १९८० पासून प्रपोझिशन अडीच आहे, म्हणजे टाऊनला एकूण प्रॉपर्टी टॅक्सची वसुली, नवीन बांधकाम सोडून, वर्षाला अडीच टक्क्यांपेक्षा जास्त वाढवायची तर मतदारांकडे जावं लागतं. सीपीएचा सरचार्ज या मर्यादेत धरतच नाहीत. विरोध करणाऱ्यांचा हा आवडता मुद्दा, की मागच्या दाराने टॅक्स वाढवलात. मला विचाराल तर दार मागचं नाहीये, कारण त्यासाठी पण बॅलटवर मत घ्यावंच लागतं, पण एकदा घेतलं की ती ओळ वर्षानुवर्षं बिलावर राहते आणि कुणी तिच्याकडे बघत नाही, हे खरंय. (काढून टाकायचं झालं तर निदान पाच वर्षं थांबावं लागतं आणि परत मतदान.)

फक्त आपल्या सरचार्जवर हे चालत नाही, राज्य पण भर घालतं. राज्याचा एक ट्रस्ट फंड आहे आणि त्यात पैसे कुठून येतात तर रजिस्ट्री ऑफ डीड्समधून. घराची खरेदी-विक्री झाली, मॉर्गेज झालं, रिफायनान्स झालं की कागद तिथे नोंदवायला फी असते, त्या फीवर सीपीएसाठी एक सरचार्ज. आधी बहुतेक कागदांना २० डॉलर होता, २०१९ च्या शेवटापासून ५० केला. गंमत म्हणजे ज्या टाऊनने सीपीए घेतलेलाच नाही तिथला माणूस पण घर घेताना हे पैसे भरतो, आणि ते जातात सीपीए घेतलेल्या टाऊन्सना. म्हणूनच प्रचारात हमखास ऐकायला मिळतं की आपले पैसे दुसऱ्यांकडे चाललेत, आपण पण घ्या.

सुरुवातीला राज्य टाऊनने जमवलेल्या प्रत्येक डॉलरला एक डॉलर द्यायचं, पूर्ण १०० टक्के. २००७ पर्यंत तसं चाललं. मग टाऊन्स वाढत गेली, घरांचा बाजार पडला, कागद कमी नोंदले जायला लागले, आणि भांडं तेवढंच पण जेवणारे जास्त अशी गत झाली. २०१७ मधे पहिल्या फेरीतली, म्हणजे सगळ्या सीपीए टाऊन्सना मिळणारी, ही भर २० टक्क्यांच्या पण खाली गेली होती. फी वाढवली ती यामुळेच. तर टाऊनच्या मीटिंगमधे कुणी "राज्य मॅच देतंय, फुकटचे पैसे आहेत" म्हणालं तर शांतपणे विचारायचं, यावर्षी किती टक्के? तो आकडा दरवर्षी बदलतो आणि आधीपासून नक्की सांगता येत नाही. ३ टक्के सरचार्जवाल्या टाऊन्सना जास्तीच्या फेऱ्यांमधून अजून थोडं मिळतं, ते वेगळं.

बरं, पैसे जमले. आता वाटणार कसे.

कायदा म्हणतो वर्षाच्या सीपीए उत्पन्नातले निदान १० टक्के ओपन स्पेस म्हणजे मोकळ्या जागांसाठी, यात खेळाच्या जागा पण धरतात, १० टक्के ऐतिहासिक गोष्टींसाठी आणि १० टक्के परवडणाऱ्या घरांसाठी. खर्च करा नाहीतर त्या त्या कप्प्यात बाजूला ठेवा, पण एका कप्प्याचं दुसऱ्यात घालायचं नाही. कमिटीच्या कामकाजाला, म्हणजे कारकुनी, सल्लागार, अप्रेझल वगैरेला, ५ टक्क्यांपर्यंत. उरलेले सगळे यातल्या कुठल्याही कामाला. म्हणजे टाऊनला वाटलं तर दोन वर्षं जवळजवळ सगळा पैसा एका शेताची जमीन वाचवायला लावता येतो, फक्त ते १०-१०-१० सांभाळून. खरी ओढाताण या मोकळ्या भागावरून होते. जंगलवाले, जुन्या इमारतीवाले, घरांवाले आणि फुटबॉल-सॉकरवाले पालक, चौघांची नजर त्याच्यावर, आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर पालकांची संघटना सगळ्यात दणकट असते. परवडणाऱ्या घरांच्या कप्प्यात मात्र काही ठिकाणी पैसे वर्षानुवर्षं नुसते साठत बसतात, कारण जागाच मिळत नाही, किंवा मिळाली तर शेजारी उठतात.

अर्ज छाननारी कमिटी म्हणजे सीपीसी, कम्युनिटी प्रिझर्वेशन कमिटी. ५ ते ९ लोक. त्यातले पाच कायद्यानेच ठरलेले: कॉन्झर्वेशन कमिशन, हिस्टॉरिकल कमिशन, प्लॅनिंग बोर्ड, पार्कवाले आणि हाउसिंग ऑथॉरिटी यांचा एकेक माणूस. उरलेले टाऊन ठरवतं. सगळे व्हॉलंटिअर, रात्री सात वाजता टाऊन हॉलच्या खोलीत नाहीतर झूमवर. वर्षातून निदान एकदा त्यांना जाहीर सुनावणी घ्यावीच लागते, तिथे कुणीही जाऊन बोलू शकतं. बहुतेक ठिकाणी सप्टेंबर-ऑक्टोबरमधे अर्ज पात्र आहे का बघतात, थंडीत अर्जदार येऊन सांगतात, फेब्रुवारीपर्यंत कमिटी मत देते, फायनान्स कमिटी नाक खुपसते, आणि एप्रिल-मेमधे टाऊन मीटिंग, म्हणजे जिथे मतदार शेवटचं मत देतात ती सभा. पैसे १ जुलैनंतर, कारण टाऊनचं आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं. शहर असेल तर टाऊन मीटिंगच्या जागी सिटी काउन्सिल.

इथली चावी समजून घ्या. कमिटी स्वतः एक डॉलर पण देऊ शकत नाही, ती फक्त शिफारस करते. आणि टाऊन मीटिंग शिफारस नसताना एक डॉलर पण देऊ शकत नाही. कमिटीने वाढलेलं ताट मतदार परत पाठवू शकतात, त्यातलं कमी करून घेऊ शकतात, पण जास्तीचं वाढून घेऊ शकत नाहीत. कमिटीने २ लाख सुचवले तर तुम्ही उठून दीड लाख करा म्हणू शकता, अडीच नाही. आमच्याकडे एकदा एका बाईंनी मायक्रोफोनवर येऊन फार मनापासून एका जुन्या कब्रस्तानाच्या भिंतीसाठी पैसे वाढवायची सूचना मांडली, टाळ्या पण पडल्या, आणि मॉडरेटरने शांतपणे सांगितलं की हे मी मतालाच टाकू शकत नाही. बाईंचा चेहरा बघवेना. त्या डिसेंबरमधे कमिटीकडे आल्या असत्या तर काम झालं असतं, मेमधे उशीर झालेला होता.

आता मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं होतं तो भाग. लोकांना वाटतं भांडण कशावर पैसे द्यायचे याचं असतं. तेवढंच नाही. निम्मं भांडण क्रियापदाचं असतं. कायद्यात प्रत्येक कप्प्याला ठराविक क्रियापदं लावून दिलीत: विकत घेणं, नव्याने तयार करणं, जपणं, सपोर्ट करणं, आणि रिहॅब म्हणजे दुरुस्त करून पुन्हा वापरात आणणं. आणि प्रत्येक कप्प्याला सगळी क्रियापदं लागू नाहीत. ऐतिहासिक इमारत विकत घ्या, जपा, रिहॅब करा, चालेल. पण नव्याने तयार? इतिहास नवा कसा तयार करणार, ते नाही. घरांच्या बाबतीत घ्या, बांधा, जपा, सपोर्ट करा, पण रिहॅब फक्त तेच घर जे आधी सीपीएच्या पैशाने घेतलं किंवा बांधलं होतं. ओपन स्पेसचं पण तसंच. कमिटीच्या टेबलावर या सगळ्याचा एक चौकटींचा तक्ता असतो, हो आणि नाहीचा, आणि मीटिंगमधे कुणी काही मागितलं की पहिलं बोट त्या तक्त्यावर जातं.

यावरून खरा खटला झालाय. न्यूटनमधे शहराने सीपीएच्या पैशातून दोन जुनी पार्कं सुधारायचं ठरवलं. काही करदाते कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं: तेव्हाच्या कायद्यात खेळाच्या जागेसाठी घेणं, तयार करणं आणि जपणं एवढंच आहे, आणि ही पार्कं तर आधीपासून आहेतच, मग तुम्ही तयार काय करताय? शहर म्हणालं आम्ही त्यात नवीन सोयी तयार करतोय. २००८ मधे राज्याच्या सुप्रीम ज्युडिशियल कोर्टाने करदात्यांच्या बाजूने निकाल दिला. मग काय, राज्यभर कमिट्यांची पंचाईत, कारण सीपीए घेतलेल्या दाट वस्तीच्या शहरांमधे नवीन जागा आहेत कुठे, जुनी मैदानंच सुधारावी लागणार. शेवटी २०१२ मधे कायदा बदलला आणि खेळाच्या जागांना रिहॅब हे क्रियापद मिळालं. आज तुमच्या टाऊनमधे जुन्या प्लेग्राउंडला नवे झोके सीपीएतून बसत असतील तर ते या बदलामुळे. पण त्याच दुरुस्तीत हेही घातलं की खेळाच्या मैदानासाठी कृत्रिम गवत घ्यायला सीपीएचा पैसा वापरायचा नाही. त्यामुळे काही टाऊन्समधे असा प्रकार बघायला मिळतो की खालचं ड्रेनेज सीपीएतून आणि वरचा हिरवा गालिचा दुसऱ्या खात्यातून. कायद्यात बसतं. डोळ्यांना मात्र विचित्र दिसतं. आणि खेळाच्या व्याख्येतून घोड्यांच्या-कुत्र्यांच्या शर्यती, स्टेडियम आणि जिम्नॅशियम आधीच वगळलेत, तेव्हा शाळेच्या जिमसाठी अर्ज घेऊन येणाऱ्या पालकांना दरवर्षी कुणीतरी हे वाचून दाखवतं.

दुसरी मोठी रेघ म्हणजे मेंटेनन्स. मेंटेनन्सला सीपीएचा पैसा नाही, म्हणजे नाहीच. किरकोळ डागडुजी, ज्याने वास्तूची किंमत फारशी वाढत नाही आणि आयुष्य पण वाढत नाही, ती टाऊनने आपल्या नेहमीच्या बजेटमधून करायची. आता ऐकायला सोपं आहे, पण जवळ जाऊन बघा. आमच्या टाऊनचा जुना हॉल, वर स्लेटचं छप्पर. चार फरशा सुटल्या, त्या परत ठोकल्या, हे मेंटेनन्स. सगळं छप्पर काढून नवीन स्लेट, तांब्याच्या पट्ट्या, खालच्या फळ्या बदलल्या, पुढची कितीतरी वर्षं बघायला नको, हे कॅपिटलचं काम, सीपीएत बसतं. आणि मधलं? अर्धा उतार बदलायचा? पावसाळी नळ सगळे नवे पण छप्पर तेच? त्यावर दोन मीटिंगा गेल्या. टाऊनचे वकील, कंत्राटदाराचं पत्र, आर्किटेक्टचे फोटो. फोटोत कुजलेली फळी दिसत होती, बोट घातलं तर आत जाईल अशी, आणि तो एक फोटो मला वाटतं सगळ्या कागदांपेक्षा जास्त बोलला. यात एक कडू गंमत पण आहे: टाऊनने वीस वर्षं मेंटेनन्स टाळलं की शेवटी काम एवढं मोठं होतं की ते सीपीएला पात्र होतं. असं कुणी मुद्दाम करतं असं मी म्हणत नाही, पण हिशोब तसा लागतो. बरं, टाऊन ज्या कामावर आधीपासून स्वतःचा पैसा खर्च करतंय तो पैसा काढून घेऊन त्या जागी सीपीए लावायचा, हेही कायद्याला मान्य नाही.

ऐतिहासिक म्हणजे फक्त इमारती असं पण नाही. कागदपत्रं, वस्तू, अगदी जहाज सुद्धा व्याख्येत आहे. एक तर राज्याच्या ऐतिहासिक यादीत असलं पाहिजे, नाहीतर टाऊनच्या हिस्टॉरिकल कमिशनने ते महत्त्वाचं आहे असं ठरवलं पाहिजे. मी एकदा टाऊन क्लार्कच्या तिजोरीतली जुनी नोंदवही बघितलीय, कोण कुणाच्या कुंपणाशी भांडलं आणि कुणाच्या डुकरांनी कुणाचं शेत खाल्लं अशा नोंदी, कागद कडांना भुगा होत आलेला. अशा वह्यांची पानं सोडवून, धुवून, परत बांधायला सीपीएचे पैसे मिळतात.

आणि चर्चेस. न्यू इंग्लंडमधे गावातली सगळ्यात जुनी आणि देखणी इमारत बहुतेक वेळा चर्चच असते, त्यामुळे अर्ज येणारच. ॲक्टन टाऊनने एका चर्चला दोन कामांना पैसे मंजूर केले, ४९,५०० डॉलर इमारतीच्या मास्टर प्लॅनला आणि ५१,२३७ डॉलर रंगीत काचांच्या खिडक्यांना. काही रहिवासी कोर्टात गेले, कारण मॅसॅच्युसेट्सच्या राज्यघटनेतच सरकारी पैसा चर्चला न देण्याचं कलम आहे. २०१८ मधे त्याच सुप्रीम ज्युडिशियल कोर्टाने सरसकट बंदी पण घातली नाही आणि सरसकट परवानगी पण दिली नाही, म्हणालं की प्रत्येक अनुदान वेगळं तपासा: हेतू चर्चला मदत करण्याचा आहे का, चर्चला भरघोस मदत होते का, आणि सरकार धर्मात गुंतण्याचा धोका किती. खिडक्यांवर धार्मिक चित्रं होती, त्यांचे पैसे अडले. मास्टर प्लॅनचा प्रश्न अजून माहिती घ्या म्हणून खालच्या कोर्टाकडे परत पाठवला. तेव्हापासून कमिट्या चर्चचा अर्ज आला की थबकतात आणि पहिला फोन वकिलाला जातो.

जमीन घेतली तर अजून एक काम मागे लागतं. सीपीएच्या पैशाने घेतलेल्या जमिनीवर किंवा घरावर कायमचं बंधन नोंदवावं लागतं, म्हणजे उद्या सिलेक्ट बोर्ड (टाऊनचा कारभार बघणारं निवडून आलेलं मंडळ) बदललं आणि कुणाला वाटलं इथे कॉन्डो बांधू, तर तसं सहज करता येऊ नये. हे कागद करायला वेळ जातो आणि लोक विचारत राहतात, मत दिलं त्याला वर्ष झालं, काम का नाही सुरू.

मोठ्या खरेदीला कधीकधी टाऊन कर्ज काढतं आणि पुढच्या वर्षांच्या सरचार्जमधून फेडतं. त्याला साध्या बहुमताऐवजी दोन तृतीयांश मतं लागतात, आणि टाऊन मीटिंगची रात्र खरी रंगते ती तेव्हाच. आमच्याकडे ओपन टाऊन मीटिंग आहे, म्हणजे कुठलाही नोंदणीकृत मतदार हायस्कूलच्या हॉलमधे येऊन बसू शकतो आणि हात वर करू शकतो, आपल्या ग्रामसभेसारखंच म्हणा. वॉरंट नावाचं पुस्तक घरी येतं, म्हणजे मीटिंगची विषयपत्रिका, त्यात प्रत्येक विषयाला आर्टिकल नंबर असतात, सीपीएचं सगळं बहुतेक एका आर्टिकलमधे आणि त्याखाली क, ख, ग असे प्रोजेक्ट. बिनविरोध वाटणारे एकगठ्ठा मंजूर होतात, कुणी "होल्ड" म्हणून ओरडलं की तेवढाच बाजूला काढतात. मागच्या वेळी माझ्या शेजारी बसलेल्या आजोबांनी एका ट्रेलच्या पुलासाठी होल्ड म्हटलं, उठले, माईकपाशी गेले आणि एवढंच विचारलं की हा पूल नवा आहे की जुन्याची दुरुस्ती. कमिटीच्या चेअरमनने तो तक्ता काढला. हॉलमधे हशा पिकला, पण प्रश्न बरोबर होता.

अजून एक, अर्ज करणाऱ्यांसाठी. पैसे मंजूर झाले म्हणजे चेक हातात आला असं नाही. बहुतेक टाऊन्स आधी ग्रांट ॲग्रीमेंट करतात, मग काम, मग बिलं दाखवा, मग पैसे. उरलेले पैसे टाऊनच्या सर्वसाधारण खात्यात जात नाहीत, परत सीपीए फंडातच येतात. आणि जी कामं कागदावर छान दिसतात पण कुणी पाठपुरावा करत नाही त्यांचे पैसे दोन-तीन वर्षं तसेच पडून राहतात, मग कमिटी पत्र पाठवते की बाबांनो, करणार आहात का परत घेऊ. आमच्या टाऊनच्या वेबसाइटवर अशा जुन्या मंजूर कामांची यादी असते, तुमच्याकडे पण बहुतेक सापडेल. पुढच्या वेळी टॅक्सचं बिल भरायला बसाल तेव्हा ती उघडून बघा.